बिरूची हजेरी

परतूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम बद्रीनाथची हजेरीवही एकोणीस वर्षांत एकदाही खोडली गेली नव्हती. हे तो लग्नाच्या पंगतीत, शेजारच्या पाटावरच्या अनोळखी माणसालाही सांगायचा. वही एवढी स्वच्छ का राहिली, ते मात्र सांगत नसे.

त्याचं असं होतं. रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी ट्रकवर चढवणारी सहाजणांची एक टोळी होती. त्यातला एखादा सासुरवाडीला गेला, कुणाला ताप आला, तर सकाळी त्याच्या नावाला उरलेल्या पाचांतला कुणीतरी "हजर" म्हणायचा आणि दिवसभर पाचजण सहाजणांचं काम ओढायचे. बद्रीनाथ नावं घेताना नजर वहीवर ठेवायचा, मान वर करायचा नाही. संध्याकाळी गाठी बराबर भरल्या की त्याचं मन शांत.

सत्त्याण्णवच्या हंगामात मालक काकासाहेब जालन्याला मेव्हण्याच्या लोखंडाच्या कारखान्यात जाऊन आले आणि येताना एक छापील कागद घेऊन आले. अपघाताचा विमा. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा, महिन्याला दहा रुपये पगारातून कापायचे. कामावर लागलं आणि डॉक्टरनं घरी बसवलं, तर दिवसाला चाळीस रुपये. पण पंचवीस माणसं झाल्याशिवाय विमा कंपनी दारात उभी राहणार नव्हती.

"सक्ती करायची न्हाई, बद्रीनाथ," काकासाहेब म्हणाले. "पण पंचवीस भरले पाह्यजेत."

बद्रीनाथनं दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना सरकीच्या ढिगापाशी जमवलं. जिनिंगच्या यंत्रात कापूस टाकणाऱ्या बायांची पुढारी वच्छलाबाई. तिनं भाकरीचा घास तसाच हातात धरून विचारलं, "मुनीमजी, सालभर पैसे भरले आन् काईच लागलं न्हाई तर?"

"तर देवाचे आभार मानायचे."

"मंग ते धा रुपये देवालाच देते की. त्यो फारम तरी भरून घेत न्हाई."

सगळे हसले. गाठीवाल्या टोळीचा म्होरक्या धुळाजी म्हणाला, "आन् लागलंच तर आम्ही हाव की. एक पडला तर पाच उरत्यात."

एवढ्यात त्याच टोळीतला बिरू पुढं आला. "माझं नाव लिवा."

"का रे? तुला काय झालं?" बद्रीनाथनं विचारलं.

"माझ्या बायकूनं, सखूनं सांगितलंय," बिरू खाली बघत म्हणाला. "ती म्हंती, पाणी पिता पिता तांब्या पायावर पाडून घेणारा माणूस हाय, ह्याचा पयला काढा."

त्या दिवशी हसता हसता सव्वीस नावं झाली. वच्छलाबाईचं तेविसावं.

डिसेंबरात सखूबाईचं खरं ठरलं, फक्त तांब्याच्या जागी गाठ होती. ट्रकला लावलेल्या फळीवरून घसरली ती बिरूच्या डाव्या पायावर. दोन हाडं मोडली. डॉक्टरनं सहा आठवड्यांचं प्लॅस्टर घातलं आणि बजावलं, "मधेच पायावर वजन टाकलं तर जन्मभर लंगडशील." घरात पैसा नसला की बिरू आठव्या दिवशी प्लॅस्टरसकट गाठीला हात लावणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून बद्रीनाथनं स्वतः बसून विम्याचा फॉर्म भरला. बेचाळीस दिवस, चाळीसप्रमाणे सोळाशे ऐंशी. अक्षर असं की कंपनीनं फ्रेम करून लावावं.

तीन आठवड्यांनी जालन्याहून विम्याचे साहेब तपासाला आले. चहा झाला. साहेबांनी हजेरीवही मागितली. बद्रीनाथनं ती दोन्ही हातांनी पुढं केली. मुलगी दाखवताना बापाचा असतो तसा त्याचा चेहरा होता.

साहेबांचं बोट एका ओळीवरून सरकत गेलं आणि थांबलं.

"हा बिरू तर रोज हजर आहे."

बद्रीनाथनं वही ओढून घेतली. रविवार सोडून अठरा दिवस, अठरा हजेऱ्या, सगळ्या त्याच्याच हातच्या. रोज सकाळी त्यानं "बिरू" म्हटलं होतं, कुणीतरी "हजर" म्हटलं होतं, आणि एकोणीस वर्षांच्या सवयीच्या हातानं खूण केली होती. त्याच हातानं ह्याच माणसाचा फॉर्मही भरला होता!

"माणूस कामावर असेल तर पैसे कशाचे?" साहेब म्हणाले. "आणि हे खोटं निघालं तर सव्वीसच्या सव्वीस विमे रद्द होतील."

बद्रीनाथनं धुळाजीला बोलावून घेतलं. "बिरूच्या नावाला ओ कोण देऊन राह्यलं होतं?"

"पाळी लावल्ती, मुनीमजी," धुळाजीनं अभिमानानं सांगितलं. "सोमवारी मी, मंगळवारी रखमाजी..."

"आन् त्याची मजुरी?"

"टोळीची मजुरी मीच उचलतो, त्याची दर शनवारी सखूवयनीच्या हातात. एक रुपाया इकडं तिकडं न्हाई."

"आरं, पण त्याच्यासाठीच विमा काढला ना?"

"विमा कंपनीचा, मुनीमजी. हे आपलं घरचं."

बद्रीनाथ कपाळाला हात लावून बसला. तोवर बातमी वच्छलाबाईच्या तोंडून बिरूच्या घरी पोचली होती. अर्ध्या तासात बिरू कुणाच्या तरी सायकलच्या कॅरिअरवर बसून हजर! प्लॅस्टरला खताची गोणी बांधलेली. मुनीमजीची नोकरी चालली, एवढंच त्याला कळलं होतं.

"साहेब," तो दारातूनच म्हणाला, "मुनीमजीची काई चूक न्हाई. मी रोज आल्तो."

"तुम्ही आला होता?"

"आल्तो. बराबर आठला."

"आणि काय केलंत?"

"गाठी भरल्या."

"ह्या पायानं?"

बिरूनं पायाकडे पाहिलं. "दुसऱ्या पायानं."

"साहेब, खोटं बोलून राह्यलाय!" बद्रीनाथ उठला. "हा अठरा दिवस इकडं फिरकला न्हाई."

"फिरकलो की!"

"न्हाई आलास, बिरू!"

"आईची आन, आल्तो!"

हजर होतो म्हणून मजूर मुनीमाशी भांडतात, त्यात नवल नाही. पण जिंकला तर स्वतःचेच सोळाशे ऐंशी बुडणार, अशा भांडणात बिरू जीव तोडून उभा होता, तोही एका पायावर. साहेबांनी हसू दाबायला चहाचा रिकामा कप तोंडाला लावला.

गलका ऐकून काकासाहेब आले. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बद्रीनाथ, गाठी कमी गेल्या का?"

"एकबी न्हाई, मालक. पाचांनी सहांच्या भरल्या."

"मंग मजुरी पाचांनी कमावली. त्यांनी कुणाला दिली, ते त्यांचं त्यांनी बघावं. तू वही दुरुस्त कर. सही मी करतो."

"मुनीमांनी लेखी द्यावं लागेल," साहेब म्हणाले. "नोंदी चुकीच्या आहेत असं. तो कागद वर जाईल."

बद्रीनाथनं वही पुढं ओढली. मग त्यानं बिरूच्या प्लॅस्टरकडे बघितलं आणि लाल शाईचं पेन काढलं. 'वहीतल्या बिरूच्या अठरा दिवसांच्या नोंदी मी माणूस न पाहता केल्या,' असं कोऱ्या कागदावर लिहून त्यानं खाली सही केली. अक्षर तेवढंच सुंदर. मग वहीतली एकेक हजेरी आडवी खोडायला लागला.

बिरू वाकून बघत होता. "लई लाल करून राह्यलेत, मुनीमजी. वही नासली."

"गप बस. ती वही हाय, पाय न्हाई."

साहेबांनी सगळ्या खुणा मोजल्या, प्लॅस्टरवर बोटानं टकटक केली आणि फॉर्मवर मंजुरीचं लिहिलं. काकासाहेबांनी सायकलवाल्याला हाक मारली.

"घरी जा," बद्रीनाथ बिरूला म्हणाला. "अजून तीन आठवडे बराबर गैरहजर राह्याचं. चूक झाली न्हाई पाह्यजे."

धुळाजी अजून दारातच घुटमळत होता. मागं त्याची टोळी. "मुनीमजी, उद्या तुम्ही बिरूचं नाव घेतलं, तर आम्ही काय म्हणायचं?"

"काई न्हाई म्हणायचं. गप उभं राह्यचं."

पाचही जणांची तोंडं उतरली. गाठी उचलणं त्या मानानं सोपं होतं.