मी सरकलेच नव्हते

मी गादी बोलतेय. कमरेतली नव्हे, पलंगावरची. हे आधीच सांगून टाकते, कारण आम्हा दोघींचं नाव एकच आहे आणि त्या नावापायी एका घराची सात वर्षं वाया गेली. माझी बाजू कुणी विचारलीच नाही. आता मीच सांगते.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. गादीवाल्याने कापूस पिंजला, दाबून दाबून भरला, जाड दोऱ्याचे टाके घातले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, आता ही जन्मभर जागची हलायची नाही. मला विकत घ्यायला एक रंगारी आला होता. नुकतंच लग्न झालेलं, नखांत पिवळा रंग अडकलेला. हातगाडी करू या, असं बायको म्हणत राहिली, पण या पठ्ठ्याने मला गुंडाळून खांद्यावर टाकलं आणि तीन जिने चढून घरी आणलं. वर पोचेपर्यंत तो शीळ घालत होता. ती शीळ मला अजून आठवते.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. संध्याकाळी तो माझ्यावर अंग टाकायचा तेव्हा टर्पेंटाइनचा वास यायचा. दिवसभर शिडीवर उभा राहिलेला माणूस, पडल्या पडल्या घोरायला लागायचा. बायको हसून त्याला कुशीवर वळवायची. मग तिला दिवस गेले आणि त्याने ठरवलं की बाळ यायच्या आत आपली खोली रंगवायची. जगाच्या भिंती रंगवणाऱ्या माणसाच्या घरच्या भिंतींचे पोपडे निघाले होते, हे बायकोने त्याला बरेचदा ऐकवलं होतं.

पिस्त्याच्या रंगाचा हात अर्ध्या भिंतीपर्यंत चढला होता. डबा उचलायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. त्याला माझ्यावर आणून निजवलं तेव्हा घामाने चादर भिजली होती. दुखणं खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. माझ्याइतकं जवळून ते कुणीच पाहिलेलं नाही.

बायकोचा धाकटा भाऊ डॉक्टर. निरोप मिळताच तो धावत आला. मुलगा हुशार आणि मनाचाही चांगला. त्याने दाजींचे पाय उचलून पाहिले, अंगठ्यात जोर लावायला सांगितला, मुंग्या येतात का, लघवीला अडचण आहे का, सगळं विचारलं. सगळं ठीक होतं. त्याच्या खांद्यांवरचा ताण उतरला.

"दाजी, काही दिवस त्रास होईल," तो म्हणाला, "पण पडून राहू नका, जमेल तसं..."

एवढ्यात बहीण म्हणाली, "अरे, नीट बघ ना. मशीनमध्ये फोटो वगैरे काढायचा नाही का? घरचा माणूस आहे म्हणून असंच बघणार?"

डॉक्टरने बहिणीच्या पोटाकडे पाहिलं, दाजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते वाक्य तसंच सोडून दिलं. खिशातून पेन काढून म्हणाला, काढून घेऊ एक एमआरआय, शंका नको.

फोटो आला. खिडकीच्या उजेडात धरून त्याने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "गादी सरकलीय."

मला धक्काच बसला. माझे चारही कोपरे पलंगाच्या चारही कोपऱ्यांवर बसलेले, आणि माझ्यावर हा आळ? बायकोनेही नकळत माझ्याकडे पाहिलं. मग त्याने समजावलं की मणक्यांच्या मधे मऊ चकत्या असतात, त्यांना गादी म्हणतात, त्यातली एक जागची हलली आहे. पण शब्द एकदा कानात बसला की बसला. त्या दिवसापासून रंगाऱ्याच्या मनात त्याच्या पाठीत काहीतरी सुटं झालं होतं, आणि ते कधीही निसटून बाहेर येणार होतं.

मग हुकूम सुटले. मऊ बिछाना बंद, फळीवर झोपायचं. पूर्ण विश्रांती. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, पट्टा काढायचा नाही. रंगाऱ्याने विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाला, कमरेला जपलेलं बरं. मला गुंडाळून दोरी बांधली आणि त्याच खोलीतल्या माळ्यावर टाकलं. पलंगावर लाकडाची फळी आली. ती स्वभावाने वाईट नव्हती, पण बोलायला कोरडी.

माळ्यावरून मला सगळं दिसायचं. भेटायला येणारी माणसं दुखण्याला काय खतपाणी घालतात, ते ऐकण्यासारखं असतं. प्रत्येकाला एक तरी असा माणूस माहीत होता, जो कमरेने पडला तो परत उठलाच नाही. चहा पिता पिता ते ही गोष्ट सांगायचे, काळजी घ्या म्हणायचे आणि स्वतःच्या पायांनी तीन जिने उतरून जायचे. रंगारी छताकडे बघत पडून राहायचा.

अशात ठमी जन्मली. तिला घेऊन बायको खोलीत आली तेव्हा त्याने दोन्ही हात पुढे केले आणि लगेच मागे घेतले. मग बायकोने त्याच्या छातीशी उशी लावली आणि तिच्यावर मुलीला ठेवलं. ती रडायला लागली की तिला उचलायला दुसरं कुणीतरी यायचं. हे पुढे नेहमीचंच झालं. शेजारच्या मुलांचे बाप त्यांना खांद्यावर बसवून फिरवायचे. ठमी तिच्या बाबांचं बोट धरून चालायची, तेही हळू, कारण बाबांना हिसका बसता कामा नये.

तो उठून बसला, हिंडू लागला, पण रंगारी म्हणून उठला नाही. शिडी विकली. सोबतचे कारागीर दुसरीकडे गेले. आता तो रंगाच्या दुकानात उंच स्टुलावर पट्टा आवळून बसतो आणि इतरांना रंग कालवून देतो. पाण्याची बादली बायको उचलते आणि थोडी मोठी झाल्यावर ठमीही. दुखणं कमी झालं होतं, पण भीती मात्र त्याच्याबरोबर उठायची आणि त्याच्याबरोबरच निजायची. भिंत होती तशीच राहिली, खाली पिस्त्याच्या रंगाची आणि वर पोपडे.

पाहुणे आले की मला खाली काढत. असाच एकदा डॉक्टर मुक्कामाला आला. त्याचं गावात डॉक्टरांच्या मोठ्या सभेत भाषण होतं. मला बाहेरच्या खोलीत जमिनीवर अंथरलं. सकाळी बॅग उचलताना त्याच्याच कमरेत चमक भरली. तो "आई गं" म्हणून माझ्यावर बसला, दात आवळले आणि मला वाटलं, झालं, आता दुसरी फळी येणार.

पण तो उठला. पाठ वाकडी, तोंड वाकडं, तरी खोलीत येरझाऱ्या घालू लागला, आणि घालता घालता भाषणाची तालीम करू लागला. मी कान देऊन ऐकलं. साध्या कमरदुखीत रुग्णाला झोपवून ठेवू नका, असं तो म्हणत होता. धोक्याची लक्षणं नसतील तर लगेच फोटो काढू नका. ज्यांना काडीचंही दुखत नाही अशा कितीतरी लोकांच्या फोटोत गादी सरकलेली दिसते. त्यांना धीर द्या, चालतं ठेवा, कामावर परत पाठवा. मार्गदर्शक सूचना हेच सांगतात आणि आपण दवाखान्यात बरोबर उलट वागतो.

शेवटच्या वाक्याला तो वळला, तर दारात रंगारी उभा होता. पट्ट्यावर हात ठेवून.

"हे तुला तेव्हा माहीत होतं?" त्याने विचारलं.

डॉक्टरने मान खाली घातली. "माहीत होतं, दाजी."

"मग?"

"तुम्ही कळवळत होतात. ताई माझ्याकडे बघत होती. नुसतं चालत राहा म्हणून निघून गेलो असतो, तर तुम्हा दोघांना वाटलं असतं, याने काही केलंच नाही. आणि फोटो पाहिल्यावर माझीच छाती झाली नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर ताईला काय सांगू, असं वाटलं."

रंगारी चिडेल असं मला वाटलं होतं. तो चिडला नाही. खुर्चीच्या पाठीला धरून हळूच म्हणाला, "ठमीला मी एकदाही उचललं नाही रे."

डॉक्टर म्हणाला की आजपासून रोज थोडं चाला, थोडं वाका, भिऊ नका, मी येत राहीन. मग वाकड्या पाठीने भाषणाला गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील, भाषण चांगलंच होतं.

दुपारी रंगाऱ्याने पट्टा सोडून खुर्चीवर टाकला आणि तो माझ्यावर येऊन बसला. सात वर्षांनी. वजन तेच होतं, पण बसणं भित्रं झालं होतं. ठमी शाळेतून आली आणि दारातच थबकली.

"ये," तो म्हणाला, "आज मी तुला उचलून घेतो."

ती आधी हसली. मग त्याचा चेहरा पाहून जवळ आली आणि आजाऱ्याची समजूत घालावी तशा आवाजात म्हणाली, "नको बाबा. गादी सरकेल."

"नाही सरकत गं."

"डॉक्टरमामानेच सांगितलंय ना?"

तिने आईने शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात पुढे केले, आणि त्यांचा आधार घेऊन तो उठला.

आता मी पुन्हा पलंगावर आहे. फळी दारामागे उभी असते. रंगारी रोज फिरायला जातो, कोपऱ्यापर्यंत आणि परत. भिंतीला त्याने खरडायला घेतलंय, हात पोचेल तिथपर्यंत. शिडीचं नाव मात्र काढत नाही. त्याची कमर सुधारेल, असं मला मनापासून वाटतं. पण ठमी आता बाबांच्या कमरेच्याही वर पोचते. उचलून घ्यायचं वय निघून गेलं, आणि ते परत आणायचं औषध तिच्या मामाकडेही नाही.

तुमच्यापैकी कुणी डॉक्टर असाल तर गादीचं एवढं ऐका. त्या दिवशी अर्धवट राहिलेलं ते पहिलं वाक्य तुम्ही पुरं करत जा. आणि रुग्णाची बहीण-बायको असाल तर ते पुरं होऊ द्या.

ठमी रोज झोपण्याआधी माझे चारही कोपरे ओढून पाहते. बाबांना काही होऊ नये म्हणून. मी तिला कसं सांगू, पोरी, मी सरकलेच नव्हते.