ठिपका माझा की पडद्यावरचा

मी एक भिंग बोलतोय. हळू बोलतो, राग मानू नका. बरेच दिवस मी एका एप्रनच्या खिशात लपून काढले आहेत आणि लपायची सवय एकदा अंगवळणी पडली की लवकर सुटत नाही.

तळहातात मावेन एवढा मी. भोवती पितळी कडं, खाली काळी लाकडी मूठ. काचा घासायच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. ज्या बाईंनी मला घासलं त्यांनी शेवटी मला उजेडासमोर धरलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. माझ्या पोटात, मध्यापासून जरा खाली, हवेचा एक बुडबुडा अडकला होता. टाचणीच्या टोकाएवढा.

"हा बाजूला टाकू का?" त्यांनी मुकादमाला विचारलं.

"एवढ्याशा ठिपक्यानं काय होतंय? बसवा कडं."

मी तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला होता. पुढे एक दिवस असा आला की, त्या बाईंनी मला खरंच टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

माझा पहिला मालक शिक्के कोरायचा. पितळेच्या तुकड्यावर उलटी अक्षरं कोरायची, म्हणजे कागदावर ती सुलटी उमटतात. पंचवीस वर्षं त्याला माझी गरज कधीतरीच लागायची. मग रोज लागायला लागली, मग तासातासाला. कोणी दुकानात आलं की तो मला पटकन फडक्याखाली सरकवायचा. एकदा एक गिऱ्हाईक शिक्का परत घेऊन आलं. एक अक्षर सुलटंच कोरलं गेलं होतं.

"उजेड कमी होता हो," मालक म्हणाला.

भर दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. गिऱ्हाइकानं ते पाहिलं आणि दाराशी उभ्या असलेल्या मालकाच्या मुलीनंही. पुढच्या दोन वर्षांत तो माणसांना आवाजावरून ओळखायला लागला. दुकान बंद झालं आणि मी फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून, छिन्न्यांबरोबर एका पत्र्याच्या डब्यात गेलो. तिथे किती वर्षं गेली हे मला सांगता येणार नाही. अंधारात वर्षं मोजता येत नाहीत.

डबा उघडला तो त्याच मुलीनं. ती आता पन्नाशीला टेकली होती. लहान मुलांच्या दवाखान्यात औषधं मापून द्यायचं काम ती बावीस वर्षं करत होती आणि तिथे सगळे तिला ताई म्हणत. तिनं मला पुसून डोळ्याजवळ धरलं. तिच्या वडिलांची तीच लकब आठवून मी धसकलो.

झालं होतं असं. दवाखान्यात नवे संगणक आले होते. लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारे, पातळ, चकचकीत पडद्यांचे. पहिल्या सकाळी ताई खुर्चीवर बसली, पडदा उजळला आणि तिला घाम फुटला. अक्षरं कसली, खसखस सांडावी तशी दिसत होती. तिनं चष्मा पुसला. खुर्ची पुढे ओढली. नाक काचेला टेकायचं बाकी राहिलं.

आणि ती गप्प बसली. कारण तिच्या मनात एकच गोष्ट आली: बाबांचं असंच सुरू झालं होतं.

घरी तिच्या नवऱ्याच्या ते लक्षात आलं. तो गाड्या दुरुस्त करणारा, आवाज ऐकून बिघाड ओळखणारा माणूस.

"अगं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन ये ना."

"जाते हो. पळून चाललेत का डॉक्टर?"

ती गेली नाही. डॉक्टर काय सांगतील, याचीच तर भीती होती. त्यापेक्षा तिनं मला खिशात घातलं.

ताईची खोली लहान होती. भिंतीला स्टीलचं कपाट, एक घरघरणारा फ्रिज, मापाच्या बिनसुईच्या सिरिंजा, समोर खिडकी. वॉर्डातून नोंद आली की ती पडद्यावर दिसायची: खाटेचा नंबर, वय, वजन, औषध, डोस. खिडकीपाशी कोणी नाही असं बघून ताई मला बाहेर काढायची, पडद्यावर धरायची, आकडा वाचायची आणि परत खिशात टाकायची. पावलं वाजली की माझ्यासकट तिचा हात खिशात जायचा. एखादा चोर वस्तू लपवतो तसा.

पहिल्याच आठवड्यात तिला माझा बुडबुडा सापडला. आकड्यांच्या मध्ये एक ठिपका दिसला म्हणून ती चपापली. मग मला हलवून पाहिलं, तर ठिपका माझ्याबरोबर हलला.

"हा तुझाच होय रे?" ती पुटपुटली. "घाबरवलंस मला."

तेव्हापासून तिनं त्या ठिपक्याकडे बघायचं सोडून दिलं. वय आणि वजन वाचायचंही हळूहळू सोडलं. खाट, औषध, डोस. तेवढंच. डोळे दुखायचे, रांग वाढायची. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण भिंगाला फक्त मोठं करून दाखवता येतं, सावध करता येत नाही.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास सात नंबरच्या खाटेची नोंद आली. ताईनं मला धरलं. मी दाखवलं: एक, ठिपका, पाच. तिनं वाचलं: पंधरा. ठिपका माझाच समजून.

तिनं मोठी सिरिंज घेतली, पंधरा मिली औषध भरलं, लेबल लावलं, ट्रेमध्ये ठेवलं. वॉर्डातली सिस्टर आली आणि ट्रे घेऊन गेली. मी पडद्यापाशीच ओट्यावर राहिलो होतो. पुढची नोंद वाचायला ताईनं मला उचललं, एप्रनच्या टोकानं पुसलं आणि पडद्यावरून खाली सरकवलं.

माझा ठिपका माझ्याबरोबर खाली सरकला. सात नंबरच्या ओळीतला ठिपका होता तिथेच राहिला.

तिनं मला परत वर नेलं. एक. ठिपका. पाच. मग बाजूचा रकाना, जो ती वाचत नव्हती. वय: नऊ महिने.

ती धावली. मी तिच्या मुठीत होतो, मूठ इतकी घट्ट की कडं तळव्यात रुतत होतं. लांबच लांब बोळ, ओली फरशी, कोणाची तरी बादली लवंडली. मला धड काही दिसत नव्हतं, फक्त तिच्या नाडीचे ठोके माझ्या अंगावर आपटत होते. दहापट, दहापट, दहापट, असंच ते म्हणत होते.

"सिस्टर, थांबा! देऊ नका ते!"

मूठ उघडली. एका खाटेवर बाळाची आई बसली होती, मांडीवर बाळ, बाळाचं तोंड उघडलेलं आणि ओठांपाशी सिरिंजेचं टोक. सिस्टरनं हात मागे घेतला.

"काय झालं ताई?"

"चुकलं माझं. दीड मिली हवं होतं. मी पंधरा भरलं."

सिस्टरनं सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली. बाळाच्या आईनं सिरिंजेकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं.

"पाजलं असतं तर?" तिनं विचारलं.

ताईनं खोटं सांगितलं नाही. "तर फार वाईट झालं असतं."

त्या बाईनं बाळाला छातीशी असं आवळलं की ते रडायला लागलं. पुढे बाळ घरी जाईपर्यंत प्रत्येक डोसाला ती लेबल मोठ्यानं वाचून घ्यायची, दोनदा. कोणी तिला नको म्हटलं नाही.

ताई तिथून थेट मोठ्या डॉक्टरांकडे गेली आणि मला त्यांच्या टेबलावर ठेवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी दुसऱ्या कोणासमोर उघड्यावर आलो होतो.

"मला दिसत नाही, डॉक्टर. दोन महिने झाले. ह्यानं वाचते. वडिलांचे डोळे असेच गेले. मी आधीच सांगायला हवं होतं. आता मला इथं ठेवू नका."

डॉक्टरांनी मला उचललं, फिरवून पाहिलं. ते चिडले होते, हे त्यांच्या बोटांवरून कळत होतं. पण त्यांनी मला ताईच्या हातात परत दिलं आणि आधी तिचा पडदा तपासायला संगणकवाल्याला बोलावलं. जाड चष्म्याचा, कायम घाईत असलेला माणूस. तो ताईच्या खुर्चीत बसला, वाकला, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली आणला.

"हे कोण वाचतं?" तो म्हणाला. "हे मलाही दिसत नाही."

ताई भिंतीला टेकून उभी होती. "म्हणजे?"

"मॅडम, जुन्या पडद्यावर इंचभर जागेत जेवढे ठिपके मावायचे ना, त्याच्या दुप्पट ह्यात आहेत. संगणक अक्षर ठिपके मोजून काढतो. ठिपके बारीक, म्हणून अक्षर बारीक. मोठं काढ असं त्याला सांगावं लागतं. एका दिवसात चाळीस मशीन बसवली मी. सांगायचं राहूनच गेलं." तो खुर्चीसकट वळला. "पण दोन महिन्यांत एकानंही तक्रार केली नाही हो!"

दारात जमलेल्या सिस्टर एकमेकींकडे बघायला लागल्या. "मला वाटलं, माझाच नंबर वाढला," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "मलाही तेच."

त्यानं सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार शंभर टक्क्यांवरून दोनशे केला. पडदा एकदम काळा झाला. ताईनं मला मुठीत आवळलं. गेलं सगळं, असंच आम्हा दोघांना वाटलं. मग पडदा उजळला आणि त्यावर प्रश्न आला, हे बदल ठेवायचे का? खाली उत्तराला उरलेले सेकंद उतरत होते. वीस, एकोणीस, अठरा. संगणकवाल्यानं होकार दाबला.

पण औषधांची यादी होती तशीच, खसखशीसारखी. तो प्रोग्राम जुना, नव्या सेटिंगला दाद देत नव्हता. मग त्यानं पडद्यावर आज्ञा टंकायची काळी खिडकी उघडली आणि तो प्रोग्राम सुरू होतो त्या ठिकाणी अक्षरं मोठी करायची एक ओळ टंकली. यादी परत उघडली. अक्षरं चांगली टपोरी दिसली.

"थांबा," ताई म्हणाली. "डोसचा रकाना कुठाय?"

"उजवीकडे गेलाय, मॅडम. सरकवलं की दिसतो."

"आणि सरकवायला विसरले तर?"

दुपटीचं त्यानं दीडपट केलं. रकाना आत आला. ताई खुर्चीत बसली, पाठ टेकून, हातभर लांबून.

"सात नंबर. नऊ महिने. एक पूर्णांक पाच." तिनं परत एकदा वाचलं. "दिसतंय. मला दिसतंय हो."

सगळं तेवढ्यावर सुटलं नाही. तिच्या फाइलमध्ये लेखी नोंद झाली. त्या दिवसापासून प्रत्येक डोस दोघींनी वाचून द्यायचा असं ठरलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ती नवऱ्याला घेऊन गेली. चष्म्याचा नंबर जरासा वाढला होता, बाकी काही नव्हतं. मला तिनं ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, रबरबँड आणि संपलेल्या पेनांजवळ.

मी सुखी आहे असं समजू नका. ड्रॉवर सरकला की माझं काळीज हलतं.

गेल्या आठवड्यात तो सरकला. संगणकात रातोरात काहीतरी नवं भरलं गेलं होतं आणि सकाळी अक्षरं पुन्हा बारीक झाली होती. ताईचा हात आत आला. बोटं माझ्या मुठीवर टेकली. घामेजलेली, थंड. उचलू नकोस, मी मनात म्हणत होतो, मला उचलू नकोस.

बोटं सुटली. खुर्ची मागे सरकली. मग बोळात तिचा आवाज आला, खणखणीत, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा:

"अहो, अक्षरं परत बारीक झालीत! मला वाचता येत नाहीये. नीट दिसेपर्यंत मी औषध देणार नाही!"

मग पलीकडच्या खोलीतून कोणीतरी म्हणालं, "मलाही दिसत नाहीये!" आणि त्याच्याही पलीकडून, "आमच्याकडेही तसंच आहे!"

तुमच्यापुढचं अक्षर दिसेनासं झालं, तर खिशात भिंग घालण्याआधी शेजारच्याला मोठ्यानं विचारा, तुला दिसतंय का? आणि कधी मला ड्रॉवरमधून काढलंत, तर टपाल तिकिटं दाखवा, मुंगीचे पाय दाखवा, बोटात रुतलेलं कुसळ काढायला घ्या. ज्यावर कोणाचा जीव अवलंबून आहे, असा आकडा मात्र माझ्यापुढे धरू नका. माझी भीती अजून गेलेली नाही.