छोटीच्या अंगातल्या लहरी

बुवांनी हात वर केला तशी काकूंनी आपलं भरतकामाचं मशीन थांबवलं आणि त्यांचं बघून बाकीच्यांनीही थांबवलं. कारखान्यातल्या आम्ही सगळ्या बायका संगणकाभोवती गोळा झालो.

"डोळे मिटा. पडद्यातून आत्ता जे बाहेर पडेल ते नजरेला सोसायचं नाही," बुवा म्हणाले.

सगळ्यांनी मिटले. कडेवर मूल असलेल्या बाईला डोळे पूर्ण मिटायची सवय राहत नाही, म्हणून माझे अर्धेच मिटले. पडद्यावर एक काळी चौकट उघडली. बुवांनी तिच्यात एक ओळ टकटक केली, ओठांनी काहीतरी पुटपुटले आणि मोठा सुस्कारा सोडला. "आली परत."

सकाळपासून गायब असलेली सगळी डिझाइनं पडद्यावर हजर होती. वेली, पाखरं, शाळेच्या गणवेशांवरची चिन्हं. काकूंनी हात जोडले. मालकीणबाईंनी पाकीट पुढे केलं.

आमचे बुवा भगवे घालत नसत. जीन्स, पाठीला सॅक, एका कानात कायम काहीतरी खुपसलेलं. त्यांच्या दुकानावर 'संगणक दुरुस्ती' एवढंच लिहिलेलं होतं. 'बुवा' हे नाव काकूंनी दिलं आणि त्यांनी ते आनंदाने घेतलं.

"व्हायरस हवेत असतो," ते चहा पिताना समजावत. "वाऱ्याबरोबर येतो, काचेतून शिरतो." म्हणून खिडकीत त्यांनी जुनी सीडी टांगली होती, व्हायरस तिच्यात स्वतःचं तोंड बघून मागे फिरतो म्हणे. संगणकातला अँटिव्हायरस त्यांनी बंद करून टाकला होता, कारण एका दारात दोन राखणदार ठेवले की ते आपसात भांडतात. त्याऐवजी ते स्वतःचा लाल पेन ड्राइव्ह घेऊन येत. त्याचं नाव 'कवच'. दर सोमवारी ते तो संगणकाला लावायचे, थोडा वेळ ठेवायचे, काढायचे.

तरी डिझाइनं जातच राहिली. डिझाइनच्या फोल्डरांच्या जागी त्याच नावाची, कोपऱ्यात बारीक बाण असलेली भलतीच चिन्हं दिसायची. आमच्याकडे संगणकातून मशिनांवर डिझाइनं न्यायला एकच पेन ड्राइव्ह, दोरी बांधलेला. तो दिवसभर हातोहात फिरायचा आणि संध्याकाळी मालकीणबाईंच्या घरच्या संगणकातही जायचा. जिच्या हातात दोरी, ती घाईघाईने त्या बाणांवर टिचक्या मारायची. मग सगळ्याच ठिकाणी बोंब.

शेवटी बुवांनी कारण शोधलं. ते कारण माझ्या कडेवर होतं.

"लहान मुलांच्या अंगात लहरी असतात, ताई. त्या व्हायरसला ओढून घेतात. हिला इथे आणता ना, तिथेच गडबड आहे."

"तरीच," काकू म्हणाल्या. "परवा ती रडली आणि लगेच डिझाइनं गेली."

"ती रोज रडते, काकू."

"आणि डिझाइनं रोज जातात," काकूंनी हिशेब मिटवला.

बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सोमवारपासून छोटीला घरी ठेव. राग मानू नकोस. काम खोळंबतंय."

"घरी कोण आहे, बाई?"

"ते तुझं तू बघ."

घरी कुणीच नव्हतं. नवरा फिरतीवर, सासूबाई दिरांकडे. छोटीला धाप लागते, म्हणून पाळणाघरवाल्या तिला घेत नाहीत. पदवी असून मी हे डिझाइनं मांडायचं काम धरलं ते एका सवलतीपायी: मूल मशिनांपासून लांब, पण नजरेसमोर. छोटीला बंदी म्हणजे मला बंदी. त्याहून जास्त मला दुसरंच लागलं होतं. जिला नीट बोलताही येत नाही, तिच्यावर आळ आला होता, आणि एकीलाही तो विचित्र वाटला नव्हता.

संध्याकाळी छोटी चादरीखाली लपली. "छोटी कुठे गेली?" असं मी थकल्या आवाजात विचारत होते आणि चादरीला छोटीएवढाच उंचवटा आला होता. दुसऱ्या दिवशी डिझाइनं पुन्हा गेली तेव्हा बुवांना बोलावण्याआधी मी दोरीवाला पेन ड्राइव्ह उघडला. आत ते बाण सोडले तर काही नाही. पण किती जागा भरली आहे ते बघितलं, तर जवळजवळ सगळी. चादर सपाट नव्हती. डिझाइनं आतच होती, फक्त लपवलेली.

मी बाईंकडे गेले. "एक आठवडा द्या. छोटी इथेच राहील, कवच लागणार नाही. डिझाइनं गेली तर मीच येणार नाही."

"एकच आठवडा," त्या म्हणाल्या. मी अँटिव्हायरस चालू केला, ताजा करून घेतला, आणि इथला संगणक, बाईंच्या घरचा, दोरीवाला पेन ड्राइव्ह, सगळं तपासायला लावलं. सगळीकडे एकच किडा निघाला. तो पुसला आणि लपवलेली डिझाइनं पुन्हा दिसती केली. मग मी आठवडाभर दर तासाला फोल्डर उघडून बघत होते. छोटी रडली, खोकली, एकदा तिने कीबोर्डवर पाणी सांडलं. डिझाइनं जागची हलली नाहीत.

सोमवारी बुवा आले. मी म्हटलं, "लावा कवच."

बुवांनी चालू असलेला अँटिव्हायरस पाहिला. "आज नको. आज लहरी फार आहेत."

"मग आजच लावायला हवं की," काकू म्हणाल्या. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं.

बुवांनी नाइलाजाने लावलं. पडद्यावर लगेच लाल चौकट आली: या ड्राइव्हमध्ये घातक प्रोग्रॅम सापडला आहे.

"बघा, मूल शेजारीच आहे," ते म्हणाले.

"ती आठवडाभर शेजारीच होती," बाई म्हणाल्या.

मग मी काकूंना खुर्चीवर बसवलं. एक फोल्डर त्यांच्यासमोर लपवला, आणि लपवलेल्या फाइल दाखवायची चौकट कुठे असते ते सांगितलं. काकूंनी तिथे खूण केली. फोल्डर परत आला.

"एवढंच?" काकू म्हणाल्या. "आणि मी हात जोडत होते."

बुवा हळू आवाजात म्हणाले, "मुद्दाम नाही घातला, ताई. सगळ्या गिऱ्हाइकांकडे हाच ड्राइव्ह फिरतो. कुठूनतरी लागला."

"कळल्यावर साफ का नाही केला?"

"बोलावणी येत होती," ते म्हणाले आणि सॅक उचलून गेले.

मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही, झोप मात्र आली. पण लिहून ठेवते, कारण असे बुवा पुष्कळ आहेत. व्हायरस वाऱ्याने येत नाही. तो कुणा माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम असतो आणि बहुतेक वेळा आपणच उघडलेल्या दाराने आत येतो: परका पेन ड्राइव्ह, अनोळखी मेलला जोडलेली फाइल, न वाचता मारलेली टिचकी. अँटिव्हायरस चालू आणि ताजा ठेवा. बाहेरचा ड्राइव्ह तपासल्याशिवाय उघडू नका. कामाची एक प्रत वेगळ्या जागी ठेवा, जिथे रोजचा ड्राइव्ह पोचत नाही. आणि दुरुस्ती करणाऱ्याला विचारा, काय केलंत? खरा कारागीर सांगतो.

बाईंनी माफी मागितली नाही. निघताना म्हणाल्या, "उद्या छोटीला स्वेटर घाल, इथे गार असतं." मी हो म्हटलं. एवढ्या शिकल्यासवरल्या बायका आम्ही, आणि यंत्रातला बिघाड लेकराच्या अंगात असतो यावर विश्वास ठेवायला आम्हाला एक कप चहा पुरला होता. पुढच्या वेळी यंत्र बिघडलं तर आधी यंत्र उघडून बघा. ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्याकडे बोट दाखवायची घाई करू नका.