टाकीपलीकडची खोली

नेटचा स्पीड किती घ्यायचा यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी अभिमन्यूच्या लग्नात मानपानावरूनसुद्धा झाली नव्हती. आणि मी काही गप्प बसणारी बाई नव्हे, हे जुळे सोलापुरात आमच्या अख्ख्या अपार्टमेंटला माहीत आहे.

भांडणाचं कारण आमची सून, ज्ञानदा. माहेर कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचं, त्यामुळे मराठीइतकंच कन्नडही तिच्या जिभेवर. लग्नाआधी पुण्यात चांगली नोकरी होती. ती सोडून इथं आली आणि घरात बसून पोरगी पार कोमेजली. मी बघत होते ना रोज. आता एका कंपनीनं घरूनच काम देऊ केलं होतं. कर्नाटकातल्या गिऱ्हाइकांशी कन्नडमधून बोलायचं, त्यांच्या अडचणी सोडवायच्या. पण आधी चाचणी. बंद दाराच्या खोलीत बसायचं, मागे घरातला आवाज नको, आणि बोलता बोलता लाइन तुटायला नको. पहिल्याच आठवड्यात कंपनीच्या मॅडमसमोर तिचा चेहरा पडद्यावर थिजला. तोंड उघडं ते उघडंच.

"आणखी एकदा असं झालं तर दुसऱ्या कुणाला तरी घेणार, आई," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता कणीक मळत बसली.

"तीनशेचा प्लॅन घेऊन टाकू," अभिमन्यू म्हणाला.

"तीनशे?" आमचे हे, म्हणजे एकनाथराव, पेपरातून वर बघत म्हणाले. "घरात माणसं चार. गावजेवण घालायचंय का?"

मला मेलीला भलताच प्रश्न पडला. "अरे पण स्पीड म्हणजे नक्की काय रे? नळासारखं का? पाइप जाड केला की पाणी जास्त?"

"तसंच समज की."

"मग ज्ञानदाच्या बोलण्याला किती पाणी लागतं?"

अभिमन्यूनं मोबाईलमध्ये बघितलं आणि जरा चाचरला. "तीन-चार एमबीपीएस. फार तर पाच."

"आणि आपला पाइप केवढा?"

"चाळीसचा."

"मग तांब्याभर पाण्याला हौद कशाला हवाय?"

हे खूश झाले. बायको आपल्या बाजूनं बोलली असं वर्षातून एखाद्या वेळीच घडतं. पण माझं कोडं काही सुटेना. पाइपात पाणी भरपूर, तर पोरगी तहानेली का? शेवटी भीतीपोटी आम्ही दोनशेचा प्लॅन घेतला. दोन दिवस सगळं झकास चाललं. तिसऱ्या दिवशी ज्ञानदा पुन्हा थिजली. नशीब, त्या वेळी मॅडम ऐकत नव्हत्या.

मग मात्र मला राहवेना. अभिमन्यूकडून स्पीड मोजायचं ॲप घेतलं आणि दूध कुठं उतू गेलंय ते शोधावं तशी मोबाईल पुढे धरून घरभर हिंडले. हॉलमध्ये ॲपमधला काटा धावत सुटायचा. बोळकांडी ओलांडून ज्ञानदाच्या खोलीत गेलं की मेल्यागत पडायचा. आमच्या खोलीतही तेच. घरात दाराच्या खोल्या या दोनच. हॉलला दार नाही, आणि समोरच्या रस्त्यावर जेसीबी दिवसभर डोकं उठवतो. तिथं बसून काय कपाळ बोलणार ती? आणि मोबाईलची रेंज तर त्या खोल्यांत आम्ही इथं राहायला आल्यापासून नाही म्हटलं तरी चालेल.

गंमत पुढेच आहे. एके दिवशी त्याच खोलीत काटा नीट वर चढला. दुसऱ्या दिवशी आणखी चढला. तिसऱ्या दिवशी परत आडवा. खोली तीच, वायफायचा डबा तोच, प्लॅन तोच! मी जिथं तिथं विचारत सुटले. ऊन पडलं की होतं का? शेजारच्या गौरम्मांनी टीव्ही लावला की होतं का? ज्ञानदाही माझ्या नादी लागली. दोघी कागदाच्या पुड्या सोडवाव्यात तशा एकेक शंका सोडवत बसायचो. किती दिवसांनी आम्ही दोघी मिळून काहीतरी शोधत होतो. मला मजा वाटत होती हे कशाला लपवू?

उत्तर सापडलं ते भांडी घासताना. नळाची धार बारीक झाली. टाकी संपत आली होती. "ज्ञानदा, आत्ता स्पीड बघ गं," मी ओरडले. तिकडून तीही ओरडली, "आई, एकदम मस्त!"

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. हे मूळचे वैरागचे, जन्म गेला पाण्याची वाट बघण्यात. त्यामुळे बोळकांडीच्या माळ्यावर यांनी भली मोठी टाकी बसवली आणि खाली भिंतीला लावून पिंपं. वायफायचा डबाही यांनीच, कुणाचा धक्का लागू नये म्हणून, त्याच माळ्यावर टाकीच्या अलीकडे ठेवायला लावला. खोल्या पलीकडे. पाणी भरलं की डब्यातून येणारं सगळं पाण्यातच अडकायचं, आणि टाकी उतरली की वाट मोकळी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"पाण्यानं नेट अडतं?" हे हसले. "उद्या म्हणशील चटणीनं टीव्ही बिघडतो."

नेटवाल्याला फोन केला, डबा हलवून दे म्हटलं. "आलोच मावशी," म्हणाला आणि आलाच नाही. वायर केसासारखी बारीक, तीही भिंतीला ठोकलेली. आपण ओढायला जावं आणि तुटली तर सगळंच बसलं.

चाचणीचा शेवटचा कॉल अकराला होता. मॅडम स्वतः बोलणार आणि त्यावरच ठरणार. टाकी तळाला होती, म्हणून मी निर्धास्त. आणि नेमकं त्याच सकाळी पाणी आलं! नेहमीपेक्षा एक दिवस आधी. मी पूजेत, तोवर यांनी टाकी काठोकाठ भरली, पिंपं भरली, कळशा भरल्या. वर मला ऐकवलं, "बघितलंस? एक थेंब वाया जाऊ दिला न्हाय."

"अहो, काय केलंत हे!"

ज्ञानदानं खोलीत लॅपटॉप उघडला. काटा आडवा. मैत्रिणीला कॉल लावून बघितला, ती मैत्रीण चौकोनी ठोकळे होऊन विरघळली. ज्ञानदानं लॅपटॉप हळूच मिटला आणि म्हणाली, "राहू दे आई. माझ्या नशिबात नाही."

तेव्हा मी चिडले. नशिबावर नाही, यांच्यावर. "तुमच्या वैरागच्या आडाला लागली होती तहान, म्हणून माझ्या सुनेनं जन्मभर पोळ्या लाटायच्या का?" असलं काहीबाही बोलले. हे दारात उभे होते. त्यांनी ज्ञानदाच्या मिटलेल्या लॅपटॉपकडे बघितलं, मग वर टाकीकडे. घरात कुणी नळ नीट बंद केला नाही तर जेवणाचं ताट सोडून उठणारा माणूस हा.

हे तडक मोरीत गेले आणि नळ पूर्ण सोडला. मग स्वयंपाकघरातला. मग बेसिनचा.

"बादल्या आण," म्हणाले.

मी गौरम्मांचं दार ठोठावलं. "पाणी घ्या, पाणी! पिंप घेऊन या!"

"एनायितु? काय झालं?" त्या घाबरूनच बाहेर आल्या. "एकनाथराव पाणी वाटतायत? तब्येत बरी आहे ना त्यांची?"

बादल्या भरभरून आम्ही बाहेर काढत होतो. पिंपं तर यांनी एकेक करून बोळकांडीतून हॉलमध्ये ढकलत नेली. गौरम्मांचं भरलं, वरच्यांचं भरलं, जिन्यातली झाडं न्हाली. तरी बरंच पाणी मोरीतून सरळ गेलं. ते जाताना हे बघत नव्हते, भिंतीकडे तोंड करून उभे होते. अकराला पाच मिनिटं असताना खोलीतून ज्ञानदा म्हणाली, "आई, चढला काटा!" आणि दार लागलं.

आम्ही दोघं मोरीच्या दारात उभे. आतून तिचं कन्नड ऐकू यायला लागलं. भरभर, न अडखळता. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पोरगी मध्येच हसली. आमच्या घरात आल्यापासून असं मोकळं हसताना मी तिला ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

यांनी हात उंचावून माळ्यावरच्या टाकीवर बोटानं टकटक करून बघितलं. हळवे झाले की हे पार वैरागचे होतात.

"अजून हातभर पाणी हाय आत," माझ्या कानाशी पुटपुटले. "सोडू का गं?"