गाळलेल्या बायका

मला माझ्या नीटनेटकेपणाचा फार गर्व होता. अमेरिकेत ॲन आर्बरला पीएचडी करताना माझ्याकडे घानामधल्या एका हॉस्पिटलच्या ब्रेस्ट क्लिनिकचं चार वर्षांचं रजिस्टर आलं. बहुतेक बायकांना निरुपद्रवी गाठी, बाळंतिणींना गळू, कुणाला सिस्ट, आणि बऱ्याच जणींना कॅन्सर. कॅन्सर असून उपचाराला परत न आलेल्या बायकांची यादी मला शुक्रवारी पाठवायची होती. त्या यादीवरून तिथल्या नर्स फोन करणार होत्या.

नाव आणि वय सारखं दिसलं की मी ती एकच बाई धरली, पहिली नोंद ठेवली आणि बाकीच्या उडवल्या. चारशे बारा नोंदी गेल्या. काम कसं चकाचक झालं.

गुरुवारी सकाळी तिथल्या सिस्टर अदवोआ व्हिडिओ कॉलवर आल्या. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांच्या नावाचा अर्थ विचारला. सोमवारी जन्मलेली, त्या म्हणाल्या. वॉर्डात आम्ही चौघी अदवोआ आहोत. शनिवारची ती आमा. घाईत रजिस्टरमध्ये तेवढंच नाव लिहितात, आणि जिला वय नक्की ठाऊक नसतं तिचं तीस नाहीतर चाळीस लिहून मोकळे होतात.

वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं मागे लावून वाढलेली मी. नुसत्या एका नावाच्या इतक्या बायका असतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फाइल उघडली. आमा, वय चाळीस: सहा नोंदी. पहिलीला साधी गाठ, तीच मी ठेवली होती. चौथीला कॅन्सर. ती यादीत नव्हतीच.

आमच्या लॅबमधला सीनियर, नागपूरचा त्र्यंबकदादा, समजूत घालायला आला. याच नोंदींवरचा पेपर कॉन्फरन्सला पाठवायची डेडलाइनही शुक्रवारचीच होती.

“यार प्रीता, आत्ता सबमिट कर, करेक्शन नंतर पाठव. पाचदहा नावांनी रिझल्ट बदलत नाही.”

“दादा, रिझल्ट गेला खड्ड्यात. त्या बायकांना फोनच जाणार नाही.”

त्याने खुर्ची ओढली आणि म्हणाला, अर्ध्या नोंदी मला दे.

पेपर राहिला. प्रोफेसरांना मीच कळवलं की चूक माझी आहे. त्यांचं उत्तर रुक्ष होतं, आणि ते मला मान्य होतं. सिस्टरांबरोबर एकेक पान पुन्हा लावलं: गाव, तारीख, गाठ डावीकडे की उजवीकडे. त्यात चार दिवस गेले, यादीही उशिराच गेली.

यादीत तेरा बायका वाढल्या. महिन्याभरात नऊ जणी क्लिनिकला आल्या. दोघी रजिस्टर माझ्या हाती यायच्या आधीच वारल्या होत्या. एक येणार नाही म्हणाली. राहिली ती चौथी आमा. तिचा नंबर बंद लागतो, पण गावाचं नाव लिहिलेलं आहे, आणि उद्या सिस्टर बसने तिथे जाणार आहेत.

त्या गावात आमा पुष्कळ असतील, मी म्हटलं. सगळ्यांना विचारेन, त्या म्हणाल्या.