बेचाळीस नंबरचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर मी भित्रा आहे. कुणी जोरात कडी वाजवली तरी माझ्या बिजागऱ्या करकरतात. त्याला कारणही तसंच आहे.

वर्सोव्याला मोडीत काढलेल्या एका होडीच्या फळ्यांतून सुताराने मला घडवलं. तेव्हापासून मी जोगेश्वरीच्या एका वस्तीत, अर्बन आणि बेला या नवराबायकोच्या खोलीला होतो. दिवसभर मी उघडाच असायचो. शेजारपाजारची माणसं न विचारता आत यायची, चहा पिऊन जायची. फार सुखाचे दिवस होते ते.

एकदा सरकारी माणसं वस्ती मोजायला आली. त्यांनी प्रत्येक दारावर लाल रंगाने नंबर टाकला. माझ्यावर बेचाळीस आला. ज्याच्या दारावर नंबर, त्याला वस्ती पाडल्यावर नव्या इमारतीत परवडेल असं घर मिळणार होतं.

आता आमचा अर्बन पडला रंगारी. वर्षभर लोकांचे फ्लॅट रंगवायचा आणि नाताळ आला की उरलेला रंग घरच्या दाराला लावायचा. त्यातून कामाला भारी नीट. आधी पॉलिशपेपरने घासल्याशिवाय ब्रश टेकवणार नाही. "काय घाणेरडे आकडे काढलेत माझ्या दारावर!" म्हणत, नंबर कशासाठी ते साफ विसरून त्याने मला पार लाकडापर्यंत घासलं आणि वर झकास निळा ऑइलपेंट मारला. मीही मूर्ख, भाव खात उभा राहिलो.

नाताळ झाला आणि ती माणसं परत आली. साहेब माझ्यासमोर थांबले. "याच्यावर नंबर नाही. खोली नंतर बांधलेली दिसते. उद्या सकाळी पहिली हीच पाडा."

बेला मटकन उंबऱ्यावर बसली. "अर्बन, वाट लावलीस ना रे घराची!"

अर्बन ब्लेड घेऊन माझा रंग खरवडायला लागला. निळ्याखाली नुसतं लाकूड! आकडे त्यानेच घासून साफ केले होते. "कुठे जायचं गं आता आपण?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. तो इतक्या जोराने खरवडत होता की ब्लेड माझ्यात रुतत होतं. मला ते जाणवलंही नाही, इतका मी घाबरलो होतो.

समोर राहणाऱ्या नीलाताई वस्तीच्या समितीचं काम बघायच्या. बेला त्यांच्याकडे धावली. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "रडू नकोस. मी घरोघर जाऊन येते."

सकाळी जेसीबी गल्लीच्या तोंडाशी आला. त्याची घरघर ऐकून माझी कडी आपोआप खडखडायला लागली. आता आपला चुराडा होणार, बेलाचा संसार रस्त्यावर येणार! साहेब पुढे आले आणि बघतात तर काय, माझ्यासमोर अख्खी गल्ली ठाण मांडून बसलेली.

नीलाताईंनी डावीकडे बोट दाखवलं. "साहेब, हा एकेचाळीस." मग उजवीकडे. "हा त्रेचाळीस. मग मधला बेचाळीस काय खाडीत वाहून गेला?"

लोक हसले. साहेब काही हसले नाहीत. "तुमचे नंबर आहेत ना? मग तुम्हाला कशाला पंचाईत? उठा!"

एकेचाळीसच्या नंदकुमारचं आणि अर्बनचं गटारावरून रोज वाजायचं. नेमका तोच बोलला. "आधी याचा नंबर लिहा. तोवर आम्हीपण खोल्या सोडत नाही."

बराच वेळ कुणी हललं नाही. शेवटी साहेबांनी लाल रंग मागवला आणि माझ्यावर पुन्हा बेचाळीस आला. रंगाचा ओघळ पार खालपर्यंत आला, पण आमच्या नीटनेटक्या अर्बनने तो पुसला नाही.

पुढे अर्बन-बेलाला नव्या इमारतीत घर मिळालं. तिथे दार आधीच होतं. वस्ती पाडायच्या दिवशी मी पुन्हा अर्धमेला झालो, पण नीलाताईंनी मला समितीच्या खोलीत आणलं. आता मी विटांवर आडवा असतो, टेबल म्हणून. दुसऱ्या वस्त्यांतली माणसं घर जाणार म्हणून येतात, माझ्यावर हात टेकतात. त्या हातांतली भीती मला लगेच कळते आणि मी अजूनही घाबरतो.

म्हणून मित्रांनो, मी दरवाजा असून तुम्हाला हात जोडून सांगतो. शेजारचं घर पाडायला कुणी आलं, तर आपलं दार लावून आत बसू नका.