निम्मा डोस

उप्सालाच्या त्या औषध मंजुरी कार्यालयात भांडायचं ते कॉफीच्या वेळी, दालचिनीचे पाव खाता खाता. बैठकीत फक्त माना डोलवायच्या. त्या दिवशी तोरून कॉफीला गेलीच नाही, तेव्हाच सगळ्यांनी ओळखलं, आज बैठकीत भांडण होणार.

बैठक होती संधिवाताच्या नव्या इंजेक्शनची. जुन्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं तर मंजुरी. कंपनीच्या चाचणीत ते चांगलं दणदणीत सरस ठरलंही होतं. ते सगळे कागद डॉक्टर तोरूननं तपासले होते. तिचं मत ऐकायच्या आधीच प्रमुख स्टेलाननं मंजुरी साजरी करायला टेबलावर हिरवा केक आणून ठेवला होता. काय म्हणावं या माणसाला!

टेबलाच्या टोकाला रुग्ण संघटनेची माय-लिस बसली होती. ती स्वतः त्या चाचणीत होती आणि तिच्या वाट्याला जुनी गोळी आली होती. पूर्वी ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. चाचणीच्या काळात तिची बोटं अशी वाकडी झाली, की आता साधा कपही दोन्ही तळव्यांत धरावा लागे.

"त्या जुन्या गोळीनं माझं वाटोळं केलं," ती म्हणाली. "नवं औषध लवकर येऊ द्या. मला पुन्हा वाजवायचंय."

"मग ठरलं," स्टेलान म्हणाला. "सगळे सहमत?"

"मी नाही," तोरून म्हणाली.

"अगं, कॉफीला आली असतीस तर..."

"तर तू मला गोड बोलून गुंडाळलं असतंस. म्हणूनच नाही आले! जुन्या गोळीचा डोस बघ जरा. नेहमीच्या निम्मा! कुठला डॉक्टर एवढासा देतो? समोरच्याचा एक पाय बांधून शर्यत लावायची, आणि वर जिंकलो म्हणून नाचायचं?"

स्टेलान लालबुंद झाला. "चाचणीआधी तो डोस आपणच मान्य केला होता. त्यावर सही माझी आहे."

"ठाऊक आहे मला. तुझी सही सांभाळायला मी माझी देऊ? जमणार नाही. पूर्ण डोसशी तुलना करून या म्हणावं कंपनीला. आणि माझा विरोध इतिवृत्तात लिहा."

"इथे आजवर कुणी विरोध नोंदवलेला नाही, तोरून!"

"मग आज होऊ दे की!"

माय-लिसकडे बघायची मात्र तिची हिंमत होईना. इतक्या आशेनं आलेल्या बाईच्या तोंडचा घास आपण काढून घेतोय, याचं तिला फार वाईट वाटत होतं.

"थांबा," माय-लिस म्हणाली. "निम्मा? मला निम्मा डोस देत होते?"

"हो."

"आणि पूर्ण दिला असता तर?"

"कदाचित बोटं वाचली असती. नक्की नाही सांगता येत गं. तेच तर कुणी तपासलं नाही."

स्टेलान घाईघाईनं उठला. "जरा थांबू या का? केक कापतो मी."

"बस खाली," माय-लिस म्हणाली. तो बसला. "हिचा विरोध लिहा. त्याखाली माझाही."

"तुला इथे मत नाही, माय-लिस. तू फक्त बोलू शकतेस."

तिनं दोन्ही हात उचलून केकशेजारी टेबलावर ठेवले.

"मग बोलते. तुझ्या निम्म्या डोसचा निकाल हा असा आहे. नीट बघा सगळ्यांनी. आणि आता तू पुन्हा विचार, कोण कोण सहमत आहे ते."

एकही मान हलली नाही.